सासूबाईंनी ठेव मोडली

सकाळी बँक उघडल्या उघडल्या मॅनेजरबाईंच्या सासूबाईंनी आपली सगळी ठेव मोडली आणि नोटा भाजीच्या पिशवीत कोंबून भर बाजारातून घरी नेल्या.

कारण क्षुल्लक होतं. व्याज काढायला आलेल्या सासूबाईंना खिडकीवरच्या कारकुनाने पुन्हा पुन्हा सही करायला लावली. "आजी, जुळत नाही हो." सासूबाईंनी आशेने केबिनकडे पाहिलं. सून आतूनच म्हणाली, "आई, नियम सगळ्यांना सारखा." झालं! सासूबाईंचं पित्त खवळलं. व्याज नको, आता मुद्दलच द्या म्हणाल्या, आणि रागाच्या भरात सही अशी झोकात जुळली, की कारकुनाला नोटा मोजायला घ्याव्याच लागल्या.

ती फुगलेली पिशवी शिंप्याने पाहिली. "मॅनेजरची सासूच पैसे काढते, म्हणजे आत काहीतरी शिजतंय," तो न्हाव्याला म्हणाला. न्हाव्याच्या कानात गेलेली गोष्ट तिथेच मुक्कामाला राहिली, असं कधी झालंय? बघता बघता बँकेच्या पायऱ्यांवरून निघालेली रांग औषधाच्या दुकानापर्यंत पोचली.

मॅनेजरबाईंनी ताबडतोब फोन फिरवला. मोठ्या शाखेतून रोकड घेऊन गाडी निघाली होती, पण ती दुपार कलल्याशिवाय येणार नव्हती. तिजोरी त्याआधीच रिकामी झाली असती. तरी शटर ओढलं तर उद्या बँकच उरणार नाही, हे त्या जाणून होत्या. दुसरी खिडकीही उघडा, मागेल त्याला हसतमुखाने द्या, असं कारकुनाला बजावून त्या स्वतः पाण्याचे ग्लास घेऊन रांगेत गेल्या.

"बाई, आमचे पैसे तिजोरीत आहेत ना?" शिंप्याने विचारलं.

"सगळे? छे!"

रांगेतल्या सगळ्या माना एकदम वळल्या.

"तिजोरीत कोंडून ठेवले तर तुम्हाला व्याज कुठून देऊ? नोटांना काय पिल्लं होतात? कामाला लावलेत त्यांना. कुणाचं दुकान, कुणाचं घर, कुणाची भट्टी."

शिंप्याच्या मागेच बेकरीवाला उभा होता. नवी भट्टी बँकेच्या कर्जातून आली, हे त्याने स्वतःच दुकानावर फलक लावून गावभर केलं होतं. शिंपी गर्रकन वळला.

"म्हणजे माझे पैसे तुझ्या भट्टीत?"

"आणि तुझं नवं मशीन कुठून आलं रे? बँकेच्याच कर्जातून ना? माझीही ठेव आहे म्हटलं इथे! माझ्या पैशावर शिवतोस आणि मलाच डोळे दाखवतोस?"

दोघांची जुंपली. मग बाकीचेही आपापला पैसा कुणाच्या घरात शिरलाय, ते शोधू लागले. मॅनेजरबाईंनी सोडवासोडव मुळीच केली नाही. भांडण रंगलं होतं तोवर खिडकीकडे कुणी सरकत नव्हतं. त्या हळूच आत गेल्या आणि घरी फोन लावला.

"आई, तुम्ही पैसे काढलेत म्हणून बँकेवर झुंबड उडालीय."

"माझ्या एकटीमुळे?"

"हो."

"अख्खी बँक?" सासूबाईंच्या आवाजात समाधान मावेना.

"अख्खी. आई, नियम बरोबर होता, पण मी उठून बाहेर यायला हवं होतं. चुकलंच माझं."

"आलेच. कपडे बदलते."

ठेवणीतले कपडे घालून, पिशवी छातीशी धरून सासूबाई आल्या. सगळ्यांनी वाट करून दिली.

"मला भरायचेत," त्यांनी ठणकावलं.

"मग काढलेत कशाला?" न्हावी कळवळला.

"सुनेवर रुसले होते. बँकेवर कोण रुसतंय?"

हशा पिकला. अर्धी रांग ओशाळून घरी गेली. उरलेल्यांना पैसे मिळत राहिले, आणि ते संपायच्या आत गाडी येऊन ठेपली.

शिंपी मात्र हट्टाला पेटला होता. त्याने पै न् पै काढली आणि मशीनच्या खणात ठेवली. मग दुपारभर येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याला चोर वाटू लागलं. मापं चुकली, एका सदऱ्याची बाही तर पाठीलाच शिवली गेली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाई आल्या, तेव्हा तो पायरीवर पुडकं कवटाळून बसला होता.

"भरायचेत का?"

"हळू बोला हो," शिंपी इकडेतिकडे पाहत पुटपुटला, "बेकरीवाला ऐकेल."