केळ्यातलं औषध

हर्षा सात वर्षांची झाली तरी बोलत नव्हती, कुणाकडे बघत नव्हती, आणि आई बेबाबाईच्या हातचं केळं सोडलं तर धड काही खात नव्हती. जळगावच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव ऑटिझम सांगितलं आणि बी-सिक्स जीवनसत्त्व व मॅग्नेशियमच्या गोळ्या लिहून दिल्या. एखाद्या मुलाला फरक पडतो म्हणतात, खात्री नाही, असं ते सरळ बोलले. मात्र दुसरं काही देऊ नका, नाहीतर कशानं काय झालं ते कळायचं नाही. बेबाबाई गोळ्या कुटून वरणाच्या पाण्यात द्यायची.

पण घरात सगळा बारभाईंचा कारभार. बेबाबाईनं केळं सोलून ताटलीत ठेवलं आणि पाण्याला वळली, की सासू झुंबरबाई त्यात ब्राह्मीची कुटलेली बुकी दडवायच्या. नवरा लीलाधर त्यांच्या वरताण. केळीची पानं पिवळी पडली की टाकायचं मॅग्नेशियम खळ्यात गोणीभर पडलं होतं. मग दुकानातलं महागाचं कशाला, असं म्हणून या शहाण्यानं त्यातलं चमचाभर केळ्यात घातलं.

पोरीला जुलाब लागले तेव्हा सगळं उघडकीला आलं. बेबाबाईचं डोकंच फिरलं.

"केयीचं खत माह्या पोरीले चारलं तुम्ही?"

"मॅग्नेशियमच हाये ना ते बी," लीलाधर म्हणाला. त्याला खरोखरच कळत नव्हतं. झुंबरबाईंचं म्हणणं, केळ्यातलं पोरीला थोडंच समजतं.

पोरीला समजलं होतं. तिनं केळ्याला तोंड लावणं सोडलं. मळ्यात केळी, ओसरीत टांगलेला पिकला घड, आणि पोर उपाशी. बेबाबाई तिच्यासमोर केळं सोलायची, विनवण्या करायची. हर्षा तिचा हात ढकलून द्यायची. बेबाबाईला सगळ्यांत लागलं ते हे ढकलणं. सगळ्या जगात पोरीचा एका हातावर विश्वास होता, तोही या दोघांनी घालवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षा आपणहून उठली. घडातलं केळं तोडलं, कधी नव्हे ते स्वतः सोललं, मोडलं आणि अर्धं आईच्या तोंडात कोंबलं. मग आईच्या तोंडाकडे टक लावून बघत बसली.

"पाह्य, बुकीचा गुण आला," दारातून झुंबरबाई म्हणाल्या. लीलाधरनं मॅग्नेशियमचं नाव घेतलं.

बेबाबाईच्या जिभेवर सणसणीत उत्तर आलं होतं. पण पोर बघत होती. आईचं तोंड जरा वाकडं झालं असतं, तर उरलेलं अर्धं तिनं फेकून दिलं असतं. बेबाबाई मुकाट्यानं चावत राहिली आणि तिनं घास गिळला.

मग हर्षानं आपलं अर्धं खाल्लं.