भट्टीपुढचा नारळ

खंडेनवमीच्या आधी चार दिवस भैरवीच्या घरात सकाळी नारळाची चटणी, दुपारी नारळीभात आणि रात्री नारळाच्या वड्या असा बेत चालला होता. तिचा नवरा गुरुप्रसाद शाळेत मास्तर, स्वभावानं गरीब. शेवटी त्यानं भीतभीत विचारलं, आपली बदली कोकणात झाली का म्हणून. भैरवी हसली नाही. मागच्या दारी धुण्याच्या दगडावर ती नारळ आपटत होती आणि नारळ काही केल्या सरळ फुटत नव्हता.

बाई शिरोलीच्या एका फौंड्रीची वर्क्स मॅनेजर. लोखंड वितळवणारी भट्टी आणि तिच्याभोवतीची सगळी माणसं तिच्या हुकमात. पण चाळिशी उलटली तरी तिनं त्याआधी एकही नारळ फोडला नव्हता, कारण कुणी फोडूच दिला नव्हता. माहेरी वडील, सासरी सासरे, मग नवरा. घरात कुणी पुरुष नसला तर शेजारच्याला हाक मारायची. बाईनं नारळ फोडायचा नसतो म्हणे. खोवायचा मात्र तिनंच.

आता हा हट्ट कशाला, असं कुणी म्हणेल. तर त्या फौंड्रीची रीतच तशी होती. खंडेनवमीला भट्टीची पूजा झाली की मॅनेजर नारळ फोडायचा आणि तिथंच उभं राहून पुढच्या वर्षाच्या पाळीप्रमुखांची नावं सांगायचा. ज्याचा नारळ, त्याचा शब्द. मालक विजयसिंहदादांनी भैरवीला उन्हाळ्यात खुर्ची दिली ती काही उपकार म्हणून नव्हे; खराब निघणारा माल तिनं निम्म्यावर आणला होता. पण पूजा जवळ आली तसं त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि गोड आवाजात सुचवलं, की यंदा नारळ असिस्टंट सयाजी फोडेल, नावंही तोच सांगेल, तुम्ही आपलं हळदीकुंकू वाहा. माईंना तेवढंच बरं वाटेल. माई म्हणजे दादांच्या आई. त्यांची आठवण दादांना अडचणीतच यायची. एका नारळानं काय बिघडतंय, असंही ते वर म्हणाले.

काय बिघडतं ते दादांना पक्कं ठाऊक होतं, आणि सयाजीलाही. त्या खुर्चीवर तो कित्येक वर्षं डोळा ठेवून होता. एकदा त्यानं भट्टीपुढं उभं राहून नावं सांगितली, की कामगार सगळं त्यालाच विचारणार, आणि भैरवी सह्या करणारा गुळाचा गणपती होऊन केबिनमध्ये बसणार. केबिनमधून ती तशीच उठून कामाला लागली. घरी जाताना बाजारातून डझनभर नारळ मात्र घेतले.

पूजेच्या दिवशी भट्टीला झेंडूच्या माळा चढल्या. सगळे कामगार गोळा झाले. सयाजी नवा पांढरा शर्ट घालून, गंध लावून पुढं उभा. आरती संपली, त्यानं ताटाकडं हात नेला, तर ताटात नारळच नव्हता. तो भैरवीच्या हातात होता.

दादा तिच्या कानाशी वाकले. "म्याडम, आपलं ठरलंय की."

"तुमचं ठरलंय, दादा. माझं न्हाय."

"माणसं बघाय लागल्यात. उद्याचा इचार करा."

"उद्या माल परत आला, कुणाचा हात भाजला, तर जाब कुणाला इचारणार? मलाच की. मग नारळ बी माझाच. न्हायतर खुर्ची आत्ता, सगळ्यांच्या देखत, सयाजीला द्या."

हे तिनं मोठ्यानं म्हटलं. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. दादांनी सयाजीकडं पाहिलं, मग भट्टीकडं, आणि एक पाऊल मागं सरले. दिवाळीआधी जाणारा माल कुणाच्या जिवावर जाणार होता, ते त्यांना कळत होतं.

भैरवीनं नारळ आपटला. तो फुटला नाही. तळहाताला घाम आला होता, घाव तिरका बसला. मागं कुणीतरी फिसकन हसलं. सयाजीनं अगदी मायेनं हात पुढं केला, "द्या हिकडं." त्या मायेनंच तिच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं हात साडीला पुसला, नारळ फिरवून धरला आणि सगळ्या रागानिशी हाणला. दोन भकलं झाली, पाणी भट्टीच्या पायावर सांडलं.

मग तिनं नावं सांगितली. पहिलं नाव सयाजीचंच घेतलं, कारण कामात तो खोटा नव्हता. खोबरं घ्यायला तो जरा घुटमळला, पण घेतलं. दादांनीही घेतलं, खाली मान घालून.

गर्दी पांगत होती, तेवढ्यात यल्लव्वा आली. वाळूचे साचे करायच्या मशीनवर ही बरीच वर्षं होती. तिच्या हातात तिच्या मशीनचा नारळ होता.

"बाई, आमचा नारळ दरसाल सयाजीसाहेबच फोडत्यात. यंदा कुणी फोडायचा?"

"मशीन कोण चालवतंय?"

"मीच की."

"मग फोड."

यल्लव्वा नारळाकडं बघत राहिली. "मला येत न्हाय वो."

"मला तरी कुठं येत हुतं? चार दिवस घरात सगळी खोबरंच खायला लागल्यात. हाण."

पहिल्या दणक्याला नारळ फुटला नाही. या वेळी मागं कुणी हसलं नाही. यल्लव्वानं पदर खोचला आणि पुन्हा हात उचलला.