सासूबाईंची कवळी

दाताच्या डॉक्टरने भानगड करावी आणि तीही मिठाईवालीशी, हा विनोद गल्लीने महिनाभर चघळला. डॉक्टरीणबाईला तेवढं हसू आलं नाही. खरं तर ती डॉक्टर नव्हतीच. नवऱ्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून ती कवळ्या बनवायची: प्लास्टरचे साचे, मेणाच्या हिरड्या, एकेक दात घासून बसवलेला. घरचंच काम, मग पगार कसला? त्यामुळे सगळं कळल्यावर ती भावाकडे निघून आली, तेव्हा हातात कसब होतं आणि गाठीला दमडी नव्हती.

वकीलबाईंनी सोपं करून सांगितलं. “त्यांचे बाहेरचे संबंध सिद्ध करू. घटस्फोट मिळेल, पोटगीही नीट मिळेल. फक्त एक सांगा. कळल्यानंतर पुन्हा त्यांच्याजवळ राहिलात का? एक रात्र जरी राहिला असाल, तरी ते म्हणतील, बायकोने माफ केलं. मग आपली केस लंगडी पडते.”

“नाही,” ती म्हणाली.

राहिली होती. सासूबाई गेल्या त्या दिवशी त्याचा फोन आला होता. “आईचं तोंड बसलंय गं. कवळी माझ्याच्याने बसवत नाही. तू ये.” जन्मभर लोकांच्या तोंडात हात घालणाऱ्या माणसाने आईच्या ओठांपुढे हात टेकले होते. कवळी हिनेच घडवलेली, सासूबाईंच्या हिरडीचा प्रत्येक उंचवटा हिच्या बोटांना पाठ. तिने ती अलगद बसवली, ओठ मिटवले, आणि म्हातारी पुन्हा पहिल्यासारखी, कुणाचं तरी काहीतरी चुकलंय अशा चेहऱ्याची दिसू लागली. ते बघून दोघंही एकदमच रडायला लागली. मग ती राहिली. पहाटे तिच्या कुशीत तो म्हणाला, “तुझ्यावाचून मला घर नाही.” ही खुळी, हिने ते मनात जपून ठेवलं.

त्याच्या वकिलाला या रात्रीची कुणकुण लागली होती. साक्षीच्या दिवशी नवरा पिंजऱ्यात उभा राहिला, तेव्हा ती बाकावर बसून भलतंच काही ठरवत होती. तो ‘हो’ म्हणाला तर केस बुडेल, पोटगीवर पाणी सोडावं लागेल. बुडू दे. चारचौघांत त्याने ती रात्र कबूल केली, तर ती त्याच्याकडे परत जाणार होती. प्रेम आंधळं असतं म्हणतात, हिचं तर ठार बहिरंही होतं.

“आई वारल्या त्या रात्री तुमच्या पत्नी तुमच्याजवळच राहिल्या होत्या ना?” वकिलाने आयता घास त्याच्या तोंडाशी नेला.

त्याने मागच्या बाकाकडे पाहिलं. “नाही. कवळी बसवली आणि ती निघून गेली.”

त्याचा वकील बघतच राहिला. वकीलबाईंनी तिचा हात दाबला आणि कानात म्हणाल्या, “जिंकलो आपण.”

बाहेर जिन्यावर तिने त्याला गाठलं. “खोटं बोललास. माझ्या पोटगीसाठी?”

निदान आता तरी ‘हो’ म्हणायचं. पण हा माणूस नेमका नको तिथे खरं बोलायचा.

“तुझ्यासाठी नाही गं. ती मागे बसली होती. तू त्या रात्री थांबली नव्हतीस, असं मी तिला सांगितलंय. कळलं असतं तर ती सोडून गेली असती मला.”

जिन्याखाली मिठाईवाली त्याची छत्री धरून उभी होती. दिसायला साधी, दमलेली बाई. डॉक्टरीणबाई एक वाक्य बोलली असती तर त्या दोघांचं तिथेच मोडलं असतं, आणि तिची पोटगीही त्याच वाक्याबरोबर गेली असती. तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. तो खाली उतरून त्या बाईबरोबर चालू लागला.

“अहो, भावाला कळवा की,” वकीलबाई मागून म्हणाल्या.

तिने फोन लावला. “दादा, झालं,” एवढंच तिला बोलता आलं. मग ती पायरीवर बसून ढसाढसा रडली.

“रड, रड,” दादा पलीकडून हसत म्हणाला. “सुटलीस एकदाची.”