कॅलिफोर्निया सोडून कुठेही

"कॅलिफोर्निया सोडून कुठेही," मी म्हणाले.

नरेंद्रने चष्मा काढून टेबलावर ठेवला. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळलं आहे, की नवऱ्याचा चष्मा खाली आला म्हणजे तो आता मला समजावणार. मला समजावलेलं आवडत नाही.

फेब्रुवारी चालू होता. ॲन आर्बरला आमच्या दारात गुडघाभर बर्फ साचला होता, आणि आत आम्ही दोघं सत्तरीला टेकलेली माणसं समुद्रात फळीवर उभं राहायला कुठे शिकायचं यावरून भांडत होतो. हौस आमची नव्हे. अनिकाची. अनिका आमची नात, अकरा वर्षांची. तिने फोनवर सांगितलं होतं, "आजी, या समरला मला सर्फिंग शिकायचंय. तुझ्या वीकमध्ये."

वर्षाचे बावन्न आठवडे, त्यांतला एक माझा. ओजसचा आणि सलोनीचा, म्हणजे माझ्या मुलाचा आणि सुनेचा, चार वर्षांपूर्वी घटस्फोट झाला. अनिका आईबरोबर जर्सी सिटीत राहते. ओजस चँडलरला एका चिपच्या कंपनीत राबतो, आणि त्याच्या वाट्याला आलेल्या सुट्टीतला एक आठवडा आम्हाला देतो. बाकी थँक्सगिव्हिंग असो की स्प्रिंग ब्रेक, अनिका जाते कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला, सलोनीच्या आईकडे. लतिकाकडे.

म्हणून कॅलिफोर्निया सोडून.

लतिका माझी विहीण. नागपूरची. बोलायला लागली की "काऊन" आणि "वं" यांची नुसती खैरात. मी पुण्याची. माझ्या कानांना ते कधी सोसलं नाही, आणि सोसत नाही हे मी कधी लपवलंही नाही. पहिलं बाळंतपण मुलीच्या आईने करायचं, या आपल्या रिवाजाचा आधार घेऊन ती सलोनीकडे जी येऊन बसली, ती सहा महिने हललीच नाही. अनिका पालथी पडली ती तिच्यासमोर. पहिला दात तिने पाहिला, पुन्हा आली तेव्हा पहिलं पाऊल तिने पाहिलं, पुढे सायकलही तिनेच शिकवली. मला प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ आला. मी भूल देणारी डॉक्टर. दोन ऑपरेशनांच्या मधे कॉरिडॉरमध्ये उभी राहून ते व्हिडिओ बघायचे आणि खाली एक अंगठा पाठवायचे.

आणि घटस्फोटाच्या वेळी हीच बाई माझ्या स्वयंपाकघरात, मी केलेला चहा पीत म्हणाली, "ओजसला घर कसं चालतं हे काऊन समजेल? त्याची आई घरी होतीच कधी?"

त्या दिवसापासून मी तिच्याशी एक शब्द बोललेले नाही. तीही बोलत नाही. आम्ही एकमेकींना पाण्यात पाहतो आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नाही.

एकच समाधान होतं. दर उन्हाळ्यात अनिका आमच्याकडे आली, की बॅग उघडता उघडता सांगायची, "लतीआजीकडे खूप बोअर होतं. इथे मस्त वाटतं." मी वरवर म्हणायचे, "असं बोलू नये गं." आणि ते वाक्य पुढे वर्षभर पुरवून पुरवून वापरायचे.

आता सर्फिंग होतं. अनिका आयुष्यात पहिल्यांदा लाटेवर उभी राहील ती माझ्यासमोर, हे मी ठरवून टाकलं होतं. या वेळी व्हिडिओ मी पाठवणार होते. अंगठा त्या बाईने पाठवावा.

"हे बघ," नरेंद्र म्हणाला. तो जन्मभर गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर होता, त्यामुळे आधी निकष, मग निर्णय. "नवशिक्याला काय लागतं? तळाला वाळू हवी, खडक नकोत. लाट लहान हवी आणि सावकाश फुटणारी हवी. किनारा एकदम खोल होणारा नको. या सगळ्यात सॅन डिएगोचा ला होया शोर्स बसतो."

"हवाई?"

"दिवसभराचा प्रवास. माझा गुडघा बघ."

"नॉर्थ कॅरोलायना?"

"तिथे लाट किनाऱ्यावरच आपटते. मान मोडायची कोणाची तरी."

"न्यू जर्सी?"

"राहतेच की ती तिथे. मग आपल्या आठवड्यात नवीन काय?"

"मग फ्लोरिडा."

"फ्लोरिडात शार्क आहेत, पद्मा."

"सॅन डिएगोत लतिका आहे."

तो घसा खाकरून म्हणाला, "ला होयापासून राहायला जवळ अशी एक जागा..."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? बोल की सरळ."

"लतिकाबाईंचं घर पंधरा मिनिटांवर आहे. गेस्टरूम रिकामी असते. आपण फोन केला तर त्या नाही म्हणणार नाहीत."

आमच्या पिढीने अमेरिका पाहिली ती ओळखीच्यांच्या गेस्टरूममधून. टोलेडोला आम्ही सात वेळा गेलो, कारण तिथे नरेंद्रचा मित्र विक्रम राहतो. यलोस्टोन अजून राहिलं आहे, कारण तिथे कोणी राहत नाही. पण सवयीलाही काही मर्यादा असावी.

"तिच्या घरी मी पाणीसुद्धा पिणार नाही," मी म्हणाले.

"चार वर्षं झाली त्या गोष्टीला."

"चाळीस होऊ देत."

"अनिकाला विचारलंस का, तिला कुठे जायचंय?"

"तिला सर्फिंग शिकायचंय. कुठे ते मी ठरवीन."

त्याने चष्मा उचलून डोळ्यांवर ठेवला. "तू जागा शोधत नाहीयेस, पद्मा. टाळते आहेस."

"हो. टाळतेच आहे," मी म्हणाले, आणि त्याने छापून आणलेला ला होयाचा कागद त्याच्यासमोर दोनदा फाडला.

फ्लोरिडातलं कोको बीच ठरलं. तळाला वाळू, लहान लाटा, कोमट पाणी. निकष तिथेही बसत होते, नरेंद्रला कोणी विचारलं नव्हतं इतकंच. त्या रविवारी मी अनिकाला व्हिडिओ कॉल करून सांगितलं.

"फ्लोरिडा?" ती म्हणाली. "नॉट सॅन डिएगो?"

"नाही."

"ओके. फ्लोरिडा इज कूल."

"बिगिनर्सचा क्लास आहे. मीपण शिकणार आहे तुझ्याबरोबर."

"यू?" ती हसायला लागली. किती तरी वेळ हसत होती.

मार्चपासून मी आठवड्यातून तीनदा बंदिस्त, गरम पाण्याच्या तलावावर पोहायला जायला लागले. तीस वर्षांत पाण्यात उतरले नव्हते. म्हातारीला हे काय सुचलंय, असं लाइफगार्डच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं. दोन आठवडे खांदे इतके दुखले की केस विंचरता येईनात. तरी गेले. अनिका पहिल्यांदा उभी राहील तेव्हा मला किनाऱ्यावर टॉवेल सांभाळत बसायचं नव्हतं. मला तिच्या शेजारी असायचं होतं.

एप्रिलमध्ये ती स्प्रिंग ब्रेक संपवून लतिकाकडून परत आली. मी व्हिडिओ कॉल केला.

"काय केलंस तिकडे?"

"नथिंग. इट वॉज सो बोअरिंग, आजी."

"समुद्रावर नाही गेलीस?"

तिने बाजूला पाहिलं, तिथे बहुतेक तिची आई होती. "नॉट रियली," ती म्हणाली. मी त्या दिवशी नरेंद्रसाठी शिरा केला.

जुलैत आम्ही कोको बीचला पोचलो. शिकवायला एक वीस-बावीस वर्षांची मुलगी होती, नाकावर पांढरं क्रीम फासलेली. तिने आधी वाळूतच धडा दिला. फळीवर पालथं झोपायचं, हात छातीशी, एका झटक्यात अंग वर उचलायचं आणि पाय खाली घ्यायचे. मला गुडघ्यावर यायलाच अर्धं मिनिट लागलं. अनिकाही धडपडली. उजवा पाय पुढे घ्यायचा की डावा, हे तिने दोनदा विचारलं. मला बरं वाटलं. दोघी सारख्याच अडाणी होतो.

पाण्यात मी तीनदा तोंडावर आपटले. नाकातोंडात खारं पाणी गेलं, कवळी जागेवर आहे ना हे जिभेने चाचपलं, आणि चौथ्यांदा फळी त्या मुलीच्या हातात दिली. आता मी कमरेएवढ्या पाण्यात अनिकाच्या बाजूला उभी राहिले. तीही पडत होती. पण पडतानासुद्धा नीट पडायची, मागच्या बाजूला, सपाट, दोन्ही हात डोक्यावर धरून. न सांगता. उपजतच शहाणी आहे, असं मला वाटलं.

मग शिकवणारी मुलगी दुसऱ्या कोणाकडे तरी गेली. अनिका फळीवर पालथी होती आणि फळीचं मागचं टोक माझ्या हातात होतं.

"मी ढकलू?" मी विचारलं.

"ओके."

मागून लाट आली. मी काही म्हणायच्या आधीच अनिकाने खांद्यावरून मागे वळून तिचा अंदाज घेतला आणि हात मारायला सुरुवात केली. मी जीव खाऊन ढकललं. फळी उचलली गेली, आणि मला तिचा आवाज ऐकू आला. हळू, स्वतःशी बोलल्यासारखा.

"ऊठ वं. ऊठ वं पोरी."

आणि ती उठली. एका झटक्यात, डावा पाय पुढे, गुडघे वाकलेले, एक हात समोर. थेट किनाऱ्यापर्यंत गेली. मधे एक लहान मुलगा आला, तर त्याला वळसा घालून गेली. वाळूवर नरेंद्र फोन धरून उभा होता. फोन हलू नये म्हणून त्याने टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत.

मला आधी आनंदच झाला. तो खराखुरा होता आणि एक श्वास टिकला. मग कानांनी ऐकलेलं डोक्यापर्यंत पोचलं. आमच्या घरात "वं" कोणी म्हणत नाही. सलोनीसुद्धा म्हणत नाही. ते म्हणणारी बाई जगात एकच आहे, आणि तिने पाण्यात माझ्याच जागी उभं राहून ते इतक्या वेळा म्हटलं होतं, की इंग्रजी मिसळल्याशिवाय मराठीत धड दोन वाक्यं न बोलणाऱ्या माझ्या नातीच्या अंगात ते भिनलं होतं.

मी पाण्यातून बाहेर आले ती पाय आपटत. वाळूत पाय आपटलेले कोणाला कळत नाहीत, हा भाग वेगळा.

"सगळं आलंय," नरेंद्र फोन दाखवत म्हणाला. "पाठवू का लतिकाबाईंना? तुला पाठवायचं होतं ना?"

"काही पाठवू नकोस."

अनिकाला मी टॉवेलात गुंडाळलं आणि थोडं लांब नेलं. "कोणी शिकवलं तुला?"

"ती लेडी ना."

"त्याच्याआधी."

"यूट्यूब."

"यूट्यूबवर 'ऊठ वं' म्हणतात?"

ती पायाच्या अंगठ्याने वाळू उकरायला लागली. "मी मोठ्याने म्हटलं?"

"मला ऐकू येईल इतकं."

"स्प्रिंग ब्रेकमध्ये," ती म्हणाली. "ला होयाला. एक टीचर होता, पण लतीआजीच पुश करायची. रोज. वॉटर खूप कोल्ड होतं, तरी." मग तिने वर पाहिलं. "आर यू मॅड?"

"हो," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू? "खूप."

"माझ्यावर की लतीआजीवर?"

लतिकावर. उत्तर तोंडात तयारच होतं, चार वर्षं मी त्याला धार लावत होते. माझा आठवडा, माझा समुद्र, माझी एवढी एकच गोष्ट, तीही तिने आधी उष्टी करून ठेवली होती. पण अनिकाचा चेहरा खोडी पकडली गेलेल्या मुलीसारखा नव्हता. ऑपरेशन झाल्यावर बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना किती सांगायचं आणि किती नाही, याचा अंदाज घेणाऱ्या डॉक्टरसारखा होता. मी आयुष्यभर तेच केलं आहे, मला तो चेहरा ओळखू येतो. अकरा वर्षांच्या मुलीला तो कशाला यावा?

"मग मला बोअर झालं म्हणून का सांगितलंस?" मी विचारलं.

"तुला आवडतं ते."

"काय आवडतं?"

"लतीआजीकडे बोअर होतं म्हटलं की तू हॅपी होतेस. एव्हरी टाइम." तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. शाळा किती वाजता सुटते ते सांगावं, तसं सांगितलं.

माझ्या पायांखालची वाळू ओली होती. पाणी येऊन घोट्यांपर्यंत चढलं आणि परत गेलं. मला पुढचं विचारायचं नव्हतं. तरी विचारलं.

"आणि लतीआजीला काय सांगतेस? माझ्याकडचं?"

"सेम," अनिका म्हणाली. "तुझ्याकडे बोअर होतं. मग ती पण हॅपी होते."

लांबून नरेंद्र फोन हलवून काहीतरी विचारत होता. ते आम्ही दोघींनीही ऐकलं नाही.

"आजी," ती म्हणाली, "आज ती फोन करेल. फ्लोरिडा कसं होतं विचारेल. बोअर झालं सांगू?"

नको, एवढंच म्हणायचं होतं मला. मस्त झालं सांग, तिने शिकवलेलं सगळं आठवलं सांग, मीपण धडपडले ते सांग. पण ते ऐकून त्या बाईचा चेहरा कसा फुलेल, तो मला आधी दिसला. अख्खी एक लाट किनाऱ्यावर येऊन, पसरून, परत जाईपर्यंत मला तो दोन अक्षरी शब्द तोंडातून काढता आला नाही.

"नको," मी म्हणाले.

तेवढा सगळा वेळ अनिका टॉवेल आवळून माझ्या चेहऱ्याकडे बघत उभी होती.