बाईंची चढण

गणिताच्या बाई घरात माळ्यावरचा डबा काढताना स्टुलावरून पडल्या आणि उजव्या पायाचं हाड मोडून बसल्या. डॉक्टरांनी गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं, चाकांची खुर्ची दिली आणि तीन महिने पाय जमिनीला टेकायचा नाही, असं बजावलं. पायाबद्दलचं सगळं बाईंनी निमूट ऐकलं. घरी पडून राहा, हे तेवढं ऐकलं नाही.

दोन आठवडे कसेबसे काढून त्यांनी दारात रिक्षा बोलावली, तेव्हा धाकट्या बहिणीने कपाळाला हात लावला. “ताई, शाळा काय पळून जातेय का?”

“शाळा नाही पळत. सातवीचं वर्ष पळतंय,” बाई म्हणाल्या आणि पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

शाळेपाशी पोचल्यावर मात्र त्यांची गाडी अडली. वर्गांच्या ओट्याला तीन पायऱ्या होत्या. इतकी वर्षं बाई त्यांवरून तरातरा चढल्या होत्या. त्या तीन आहेत हेही त्यांनी कधी मोजलं नव्हतं. शिपाईमामा आणि रिक्षावाला दोघांनी मिळून खुर्ची उचलली. मधल्या पायरीवर ती एका बाजूला कलली, बाईंनी घाबरून शिपाईमामांची कॉलर धरली, आणि खिडकीतून पाहणाऱ्या पोरांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं.

“मी काय कपाट आहे का, असं उचलून न्यायला!” बाई वर पोचल्यावर पुटपुटल्या. त्यांचे कान लाल झाले होते. आजवर या वर्गाने बाईंना घाबरायचं, एवढाच हिशोब होता. तो उलटा झालेला त्यांना सोसवेना.

त्या दिवशीचा तास त्यांनी पोरांना बाहेर ओट्यावर बोलावूनच घेतला. मुख्याध्यापकांनी मधल्या सुट्टीत गोड शब्दांत विषय काढला. “बाई, उद्यापासून तुम्ही ऑफिसातच बसा. खालीच आहे, पायऱ्या नाहीत. हजेरीची कामं पडलीच आहेत. सातवीला चित्रकलेचे सर सांभाळतील.”

“चित्रकलेचे सर गणित शिकवणार?”

“शिकवणार कुठे म्हटलं? सांभाळतील.”

एकदा ऑफिसात बसवलं की माणूस तिथलंच होऊन जातं, हे बाईंनी पाहिलं होतं. “सर, पायऱ्यांशेजारी उतरण बांधू या,” त्या म्हणाल्या.

“वर अर्ज करावा लागेल. मंजुरी येईपर्यंत तुम्ही धावायला लागाल.”

“मागच्या भिंतीच्या विटा आणि वाळू उरलीय, सिमेंटची पोतीही पडून आहेत. माणसं मी जमवते. तुमची हरकत नाही ना?”

बाईंशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं, हे मुख्याध्यापकांना ठाऊक होतं. “पडलात तर मी जबाबदार नाही,” ते म्हणाले.

“मागच्या वेळी पडले तेव्हाही तुम्ही नव्हता,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गणिताचा तास अंगणात भरला. वर्गात सगळ्यांत उंच म्हणून ज्याला लंबू म्हणत, त्याने रंगमंचाची लांब फळी ओढत आणली आणि पायऱ्यांवर तिरकी टाकली. “एवढंच ना, बाई! झाली उतरण.”

फळी चांगलीच उभी दिसत होती. बाईंनी खुर्ची फळीसमोर आणली आणि दोन्ही हातांनी चाकं ढकलली. हातभर वर गेल्या असतील नसतील, तोच दंडातला जोर संपला. खुर्ची मागे घसरली. शिपाईमामांनी धावत येऊन पाठीमागून धरली नसती, तर दुसरा पायही गेला असता. पोरांचे चेहरे पांढरेफटक पडले. लंबू फळीकडे असा बघत राहिला, जणू तिनेच दगा दिला होता.

तेवढ्यात एक हात वर झाला. तो शंकासुराचा होता. ही मुलगी उभ्या-आडव्या शंका काढायची, म्हणून तिला ते नाव पडलं होतं. गेल्याच महिन्यात ‘हे गुणोत्तर-बिणोत्तर आपल्याला लागतं कुठे?’ असं तिने विचारलं होतं, आणि ‘परीक्षेत लागतं’ असं म्हणून बाईंनी तिला जास्तीची गणितं घातली होती.

“बाई, मग फळी किती तिरकी असली म्हणजे तुम्हाला चढता येईल?”

उत्तर बाईंच्या जिभेवर आलं होतं. ते सांगून टाकलं असतं तर तास तिथेच संपला असता. बाईंनी ते गिळलं. “मला काय विचारतेस? माझ्या दंडांना विचार,” त्या म्हणाल्या. “विटा आणा.”

मग फळीच्या एका टोकाखाली विटा रचायला सुरुवात झाली. एक वीट ठेवली तेव्हा बाई सहज चढल्या. दुसरी ठेवली तेव्हा धापा टाकत चढल्या. तिसरी ठेवल्यावर निम्म्यात अडकल्या. या वेळी मात्र चार पोरं मागे पहारा देत उभीच होती. बाईंनी रुमालाने घाम पुसला. “लिहा. दोन विटा जमतात, तीन नाही. आता दोन विटा म्हणजे किती, फळी म्हणजे किती?”

दोन विटांची उंची वीस सेंटीमीटर भरली, फळीची लांबी दोनशे चाळीस. पोरांनी भागाकार केला. “बारा! उंचीच्या बारापट लांबी!” शंकासुर ओरडली, आणि मग स्वतःशीच म्हणाली, “म्हणजे हे गुणोत्तरच झालं की.”

बाई खुर्चीत जरा ताठ बसल्या.

तिन्ही पायऱ्या मिळून अठ्ठेचाळीस सेंटीमीटर उंच होत्या. बारापट म्हणजे पावणेसहा मीटरपेक्षा थोडं जास्तच. लंबू खडू घेऊन ओट्यापासून सरळ रेघ ओढत निघाला आणि साडेचार मीटरवर कुंपणाच्या भिंतीला जाऊन टेकला.

“बाई, भिंत!”

“दिसतेय.”

“पाडायची?”

“आधी डोकं वापर. भिंत काय, नंतरही पाडता येते.”

तो दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी शंकासुर घरून सुतळी घेऊन आली. उतरणीच्या लांबीएवढी सुतळी कापून तिने ती अंगणात पसरली आणि मधोमध काटकोनात वळवली. निम्मी उतरण ओट्यापासून पुढे, निम्मी भिंतीच्या कडेकडेने. वर्गाने टाळ्या वाजवल्या. वळायला खुर्चीला सपाट जागा लागेल म्हणून लंबूने कोपऱ्यात दीड मीटरचा चौकोनही आखला.

बाई बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत होत्या. तो सुतळीवरच आखला होता. “सपाट जागेवर खुर्ची वर चढते का रे?”

“नाही, बाई.”

“मग तिथली सुतळी चढणीत कशी धरलीत?”

लंबूने जीभ चावली, बुटाने रेघ पुसली आणि चौकोन दोन्ही तुकड्यांच्या मध्ये वेगळा आखला. पुढचा तुकडा आणि चौकोन मिळून भिंतीच्या आत जेमतेम बसले.

रविवारी लंबूचे वडील आले. ते गवंडी होते. खडूची रेघ बघून त्यांनी डोकं खाजवलं. “तीन पायऱ्यांना एवढी मोठी उतरण? बाई, मी निम्म्या जागेत बसवून देतो. लोक हसतील मला.”

“बाबा, निम्मीत बाई घसरतात,” लंबू म्हणाला. “आम्ही बघितलंय.”

मग सगळी पोरं एकदम बोलायला लागली: विटा, फळी, बारापट, सुतळी. गवंडीकाकांनी हात वर केले. “बरं बाबांनो, तुमच्या रेघेवर बांधतो. पण कडेला चार बोटं उंच काठ ठेवीन, नाहीतर चाक खाली जाईल. आणि वरून खरखरीत ठेवीन, गुळगुळीत नाही. हे तुम्ही धरलं नव्हतं.”

“नव्हतं,” बाईंनी कबूल केलं आणि पोरांना ते लिहून घ्यायला लावलं.

पोरांनी हातोहात विटा पोचवल्या. सिमेंट वाळून पक्कं होईपर्यंत बाई ऑफिसात हजेरीची कामं करत बसल्या आणि दर तासाला मान वळवून उतरणीकडे बघत राहिल्या.

अखेर चढायचा दिवस उजाडला. “कुणी हात लावायचा नाही,” बाईंनी शिपाईमामांना दम दिला. त्या निघाल्या. तळहात पोळले, पाठीतून घामाची धार लागली, पण चाकं मागे सरली नाहीत. कोपऱ्यातल्या चौकोनावर त्यांनी दम घेतला, खुर्ची वळवली, ओठ घट्ट मिटले आणि उरलेली चढण चढून त्या ओट्यावर आल्या. पोरांनी एकच गिल्ला केला. बाई थेट वर्गाच्या दाराकडे गेल्या आणि खुर्ची चौकटीत खट्कन अडकली.

गिल्ला थांबला.

“दार कुणी मोजलं होतं?” बाईंनी विचारलं.

कुणीच मोजलं नव्हतं. बाईंनीही नाही. त्यांनी मान खाली घातली, त्यांचे खांदे हलायला लागले. पोरांना वाटलं, बाई रडतायत. पण बाई हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. या वर्गाने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. आधी शंकासुर हसली, मग सगळेच.

“हसून झालं असेल तर टेप आणा,” बाई डोळे पुसत म्हणाल्या.

खुर्ची सहासष्ट सेंटीमीटर रुंद होती, मोकळी जागा चौसष्ट. दार पूर्ण उघडलं तरी त्याची जाडी चौकटीत येत होती, आणि ती चार सेंटीमीटर होती. कुणी सांगायची वाट न बघता लंबू शिपाईमामांकडून पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. दार बिजागऱ्यांतून निघालं आणि भिंतीला टेकवून ठेवलं गेलं. बाई श्वास रोखून, दोन्ही बाजूंना एकेक सेंटीमीटर राखत आत गेल्या.

आवाज ऐकून मुख्याध्यापक धावत आले. “बाई, शाळेचं दार का काढलंत?”

“दोन सेंटीमीटर कमी पडत होते, सर. आता दोन उरलेत,” बाई म्हणाल्या. “तास सुरू होतोय.”

मुख्याध्यापकांनी उघड्या चौकटीकडे पाहिलं, मग अंगणातल्या उतरणीकडे, आणि परत फिरले. चित्रकलेच्या सरांना त्यांनी त्याच दुपारी पाचवीवर पाठवलं.

बाईंनी खडू घेतला. खुर्चीत बसून त्यांचा हात फळ्याच्या मध्यापर्यंतच पोचत होता. वरचा अर्धा फळा त्यांनी लंबूला दिला, खालचा स्वतःकडे ठेवला आणि पहिलं गणित सांगायला सुरुवात केली.