आजोबांचा कोट

घालायचा तर घालावा, पण मेलेल्या माणसाचा कोट असा बोळा करून ठेवतात का, असं बडबडत म्हातारीनं तो इस्त्रीच्या टेबलावर आपटला. कॉलरला काजळ लागलं होतं. लाँड्रीवर पोसलेल्या घरात जन्मून नातीनं हे दिवे लावले होते.

म्हातारीची तक्रार एवढीच होती. तिच्या मुलाची, नातीच्या बापाची, वेगळी होती. तो शटर अर्धं ओढून आत आला आणि हातातले फोटो त्यानं लेकीच्या तोंडावर भिरकावले. दुपारी दुकान मिटलं की ती मागच्या खोलीत कॅमेरा स्टँडवर लावायची, आजोबांचा कोट चढवायची, काजळाची मिशी काढायची आणि त्यांच्याच खुर्चीत बसून स्वतःचे फोटो काढायची. आज संध्याकाळी ते फोटो मागे लावून, तोच कोट घालून, ती सभागृहातल्या प्रदर्शनात लोकांपुढे बसणार होती. गल्लीभर बोभाटा झाला होता.

"माझ्या बापाची नक्कल करतेस?"

"नक्कल नाही," ती म्हणाली. "तो मी आहे."

थप्पड अशी बसली की तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आदळलं. ओठ फुटला. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर रक्त उडालं, तेव्हा म्हातारी ओरडली ती शर्टासाठी. मुलानं लेकीचे केस मुठीत धरून डोकं पुन्हा आपटलं. कॅमेरा त्यानं टाचेखाली चिरडला.

म्हातारी मध्ये पडली नाही. पुरुषाचा हात उठला की बाईनं पसारा आवरायला घ्यावा, हे ती सुनेलाही शिकवत आली होती. ती खाली बसून फोटो गोळा करू लागली.

नवऱ्याचा रुबाब, नवऱ्याचा दरारा तिनं गल्लीला ऐकवून ऐकवून पाठ करून दिला होता. फोटोत तोच कोट होता, तीच खुर्ची. हात तेवढे वेगळे. गुडघ्यांवर उताणे ठेवलेले, बोटं सैल. त्या खुर्चीत तिनं आयुष्यभर मुठीच पाहिल्या होत्या. तिचा डावा कान त्यातल्याच एकीनं गेला होता.

ती उठली तेव्हा मुलानं लेकीची मान टेबलावर दाबून धरली होती. दुसऱ्या हातात गरम इस्त्री होती.

"मिशी हवी ना तुला? थांब, कायमची काढून देतो."

म्हातारीनं शेजारची तापलेली इस्त्री उचलली आणि त्याच्या मनगटावर टेकवली. बाहीवर फिरवावी तशी, सावकाश. केस जळल्याचा वास सुटला. तो हंबरला. त्याच्या हातातली इस्त्री पडून फरशी फुटली. आईकडे बघत, मनगट पोटाशी धरून, तो मागे मागे सरकत शटरखालून बाहेर गेला.

म्हातारीनं कोट अंथरला. काजळ ओल्या फडक्यानं टिपलं, खांदे ब्रशनं झाडले, वरून हलकी इस्त्री फिरवली. नात भिंतीला टेकून उभी होती. म्हातारीनं तिच्या हनुवटीवरचं रक्त गिऱ्हाइकाच्या त्याच पांढऱ्या शर्टानं पुसलं, तिच्या अंगात कोट घातला, बटणं लावली. मग दोन पावलं मागे सरकून तिनं नातीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हात फोटोत ठेवलेस तसेच ठेव तिथं," ती म्हणाली. "तुझ्या आजोबांच्या अंगावर हा कोट कधी शोभलाच नाही."