नझीरकाकांचा गंधार

मला माझा शहाणपणा नडला, दुसरं काही नाही.

मे २०२१. हार्लेम या डच गावातल्या घरात जेवणाच्या टेबलावर ऑफिस मांडून सव्वा वर्ष झालं होतं. झुइडासची आमची ऑफिसची काचेची इमारत उभी आहे की पडली, तेही ठाऊक नव्हतं. सकाळी मीटिंग, दुपारी मीटिंग, मध्ये डिशवॉशर. नवरा, प्रताप, वरच्या खोलीत त्याच्या मीटिंगांत. बोलायचं झालं तर आम्ही एकमेकांना मेसेज करायचो. इतका शीण, की रडूसुद्धा येत नव्हतं.

तळमजल्यावर नझीरकाका राहायचे. अलेप्पोचे, सत्तरीचे, जुनं अरबी शास्त्रीय गाणारे. काका मीच करून टाकलं होतं. ते मला नुसतं शर्मिला म्हणत आणि आमचं सगळं बोलणं दोघांच्या मोडक्यातोडक्या डचमध्ये. गावात दरवर्षी मे महिन्यात अरबी संगीताचा महोत्सव भरायचा आणि त्याची सुरुवात काकांच्या गाण्याने व्हायची. आदल्या वर्षी तो रद्द झाला. यंदा ऑनलाइन होता, प्रत्येकाने घरून रेकॉर्ड करून पाठवायचं.

पण जानेवारीत काकांना कोविड होऊन गेला होता. तीन आठवडे हॉस्पिटलात होते.

"श्वास येईल परत, डॉक्टर म्हणतात," ते दारात उभं राहून मास्कमधून म्हणाले. "सूर राहिलाय की गेलाय, ते डॉक्टरला काय कळणार? हे एवढं गाऊन बघतो. नाही लागला, तर संपलं माझं गाणं."

रेकॉर्डिंग पाठवायच्या शेवटच्या दिवशी त्यांनी फोनवर गाऊन मला फाइल पाठवली. साथीला काहीच नाही, ऊद हे त्यांचं तंतुवाद्य वाजवणारा बेल्जियमला अडकलेला. रस्त्याचा आवाज तेवढा काढायचा आणि फाइल पुढे महोत्सवाला पाठवायची, एवढंच माझं काम. त्यांचा फोन भरला होता म्हणून तिथली फाइल मीच पुसायला लावली. माझ्याकडे आहे की, म्हटलं.

मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून ऐकायला बसले. बसचा आवाज काढला, स्कूटरचा काढला. मग कानात गंधार खुपायला लागला. सांगलीला सहा वर्षं हार्मोनियम शिकलेय मी, परीक्षा दिल्यात. काकांचा गंधार ना धड कोमल, ना धड शुद्ध. मध्येच कुठेतरी लोंबकळत होता, आणि दर वेळी अगदी त्याच जागी. तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण छे! मला आली कीव. म्हटलं, बिचारा आजारातून उठलाय, जगासमोर बेसूर कशाला ऐकू जाऊ दे? सॉफ्टवेअर होतंच. एकेक गंधार उचलला आणि शुद्धवर नेऊन बसवला. त्रेचाळीस गंधार. त्याच फाइलवर सेव्ह केलं, पाठवलं, आणि त्यांना काही म्हणजे काही सांगितलं नाही.

महोत्सवाच्या रविवारी दुपारी त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन गेले. तेव्हाच्या नियमाने घरात दिवसाला दोनच पाहुणे चालायचे, त्यांनी मला एकटीलाच बोलावलं होतं. दीड मीटर अंतरावर खुर्ची मांडून ठेवली होती.

गाणं सुरू झालं. पहिल्या गंधाराला त्यांची डुलणारी मान थांबली. चौथ्या-पाचव्याला त्यांनी हात लांब करून लॅपटॉप मिटला.

"गेला," ते म्हणाले. "हा मकाम, म्हणजे तुमचा राग म्हण, त्याचा सगळा जीव त्या एका सुरात आहे. दोन सुरांच्या मधला. लहानपणापासून कधी चुकला नाही. आणि गाताना मला वाटलं, लागला! म्हणजे गळाच नाही, कानही गेला."

सगळं सांगून टाकलं. हार्मोनियम, कीव, त्रेचाळीस गंधार, सगळं.

"मूळचं आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही. त्याच्यावरच सेव्ह केलं."

ते हसले. "फार चांगली आहेस तू, शर्मिला. माझ्यासाठी एवढं रचलंस."

"अहो, चांगली कसली, गाढव आहे मी! खरं सांगतेय. आत्ता गाऊन बघा ना!"

"ज्याचा कान गेलाय त्याला कसं कळणार, लागला की नाही? तू सांगशील?"

मी काय सांगणार, कपाळ! पण त्यांना तसं बसलेलं बघवेना. "थांबा, तुम्ही कसं गायला होतात ते दाखवते," म्हणून मी मास्क खाली केला आणि गायले. शुद्ध लागला. पुन्हा गायले. पुन्हा शुद्ध. जरा खाली ओढला तर थेट कोमलवर जाऊन आदळला. तो मधला सूर मला कानात ऐकू येत होता हो, स्पष्ट ऐकू येत होता, पण गळ्यातून काही केल्या निघेना.

काकांनी डोळे मिटून माझा प्रत्येक प्रयत्न ऐकला.

"हो," ते म्हणाले, "माझंही असंच झालं." आणि चहा ठेवायला उठले.